आधी जेवा, मग चपला

कळंबच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांच्या कडेला ‘जयवंती बार अँड रेस्टॉरंट’ आहे. नालासोपाऱ्याहून तिकडे जायचं असेल तर रिक्षावाल्याला हे नाव मात्र सांगू नका. तो तुमच्या तोंडाकडे बघत राहील. ‘चपलावाल्या शेठकडे’ म्हणा, की दुसरा शब्द न बोलता तो रिक्षा वळवतो.

या चपलावाल्या शेठचं नाव चंद्रहास. सगळे त्यांना चंदूशेठ म्हणतात. त्यांनी जन्मात कधी चपला विकल्या नाहीत की शिवल्या नाहीत. त्यांनी फक्त लोकांच्या पायातल्या चपला काढून घेतल्या, आणि तेही हसत हसत, वर नमस्कार करून.

त्यांच्या हॉटेलचा कायदा साधा होता. आल्यावर आधी समुद्रावर जायचं असेल तर खुशाल जा. डुंबा, लोळा, ओल्या कपड्यांनी येऊन खुर्चीवर बसा, शेठ एका शब्दाने बोलणार नाहीत. पण एकदा का टेबलावर ग्लास आला, की पायातलं काउंटरवर. शेठ स्वतः टेबलाशी येत, थोडे वाकत आणि हात पुढे करत. चपलांच्या बदल्यात एक पांढरा शिंपला मिळे, त्यावर लाल नेलपॉलिशने नंबर काढलेला. चपला काउंटरमागच्या लाकडी मांडणीत जात. पोटात भाकरी गेली, वरून सोलकढी झाली, की शिंपला द्यायचा आणि चपला घ्यायच्या. मध्येच कुणी उठून म्हणालं, “शेठ, जरा पाय ओले करून येतो,” तर उत्तर ठरलेलं:

“आधी जेवा, मग चपला.”

यामागे मोठं शास्त्र नव्हतं. दुपारी कळंबची वाळू तव्यासारखी तापते आणि ऊन उतरल्यावर तिच्यातल्या शिंपल्यांच्या कपच्या टोचायला लागतात. पोटात दारू आणि पायात काही नाही, असा माणूस हॉटेलच्या सावलीबाहेर फार लांब जात नाही. चार उड्या मारतो, आईबापांची आठवण काढतो आणि मुकाट्याने परत येऊन बसतो. समुद्र त्याला तिथूनच छान दिसतो.

एकदा एक बडे साहेब आले होते. कुठल्या खात्याचे ते सोडून द्या. त्यांच्यापुढे शेठनी हात केला तेव्हा साहेबांचे बरोबरचे लोक पांढरेफटक पडले. साहेबांनी शेठकडे पाहिलं, शेठनी साहेबांकडे पाहिलं. शेठचा हात होता तिथेच. शेवटी साहेबांनी बूट काढले, तर उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर! बघता बघता सगळं टेबल हसायला लागलं आणि साहेबही हसले. त्या दिवशी त्यांनी तव्यावरून उतरतील तसे बोंबील खाल्ले. पुढे दर वर्षी ते बायकोमुलांना घेऊन येत, आणि येताना मोजे नवे घालत.

हॉटेलच्या नावाचीही एक गंमत आहे. चंदूशेठचं घराणं खाडीकाठचं, भातशेतीवालं. बार काढायचं त्यांनी ठरवलं तेव्हा लग्नाला थोडेच दिवस झाले होते. बायकोवरचं प्रेम कसं दाखवावं हे कळेना, म्हणून त्यांनी गुपचूप पाटीवर तिचंच नाव रंगवून घेतलं. उद्घाटनाला जयवंतीबाईंचे भाऊ आले, होळीगावचे, भाजीच्या वाड्या असलेले सरळमार्गी लोक. त्यांनी पाटी वाचली आणि पेढा न घेताच परत फिरले. बहिणीचं नाव, आणि त्याच्यापुढे बार! जयवंतीबाई तर कितीतरी दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. त्यात गावातले टगे घरी सांगून निघायचे, ‘जरा जयवंतीकडे जाऊन येतो.’ त्यावरून किती घरांत भांडणं लागली असतील ते त्या घरांनाच ठाऊक.

मग एके दिवशी जयवंतीबाई पदर खोचून थेट हॉटेलच्या स्वयंपाकघरात शिरल्या. तिथल्या आचाऱ्याला बाजूला केलं, चिंबोऱ्यांच्या कालवणाची चव घेतली आणि तोंड वाकडं केलं.

“नाव माजं हाय ना पाटीवर?” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “मंग चव पन माजीच पायजे.”

तेव्हापासून स्वयंपाकघर त्यांचं झालं आणि बाहेरचं चंदूशेठचं. बोंबील, कोळंबी, चिंबोरी, तांदळाची भाकरी आणि फक्त रविवारी भुजिंग, म्हणजे पोह्यांत परतलेलं भाजकं चिकन. लोक प्यायला म्हणून येत आणि जेवणासाठी परत येत. भाऊही पुढे यायला लागले, पण त्यांनी शेवटपर्यंत पाटीकडे वर मान करून पाहिलं नाही.

आता चपलांचं कसं सुरू झालं ते. ते सांगायचा मान खरं तर लुईसचा. गेली कित्येक वर्षं तो दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर गासहून स्कूटरवर येतो, कोपऱ्यातलं टेबल धरतो आणि शेजारच्या टेबलावर जो कोणी असेल त्याला ही गोष्ट सांगतो. शेजारच्याने विचारलेलं असायलाच हवं असं काही नाही.

लुईस हा चंदूशेठचा शाळेपासूनचा मित्र. बार नवा होता तेव्हाची गोष्ट. लुईसने त्या वर्षी ईस्टरआधीच्या उपासकाळात दारूला शिवायचं नाही असं ठरवलं होतं, आणि ते पाळलंही. ईस्टरच्या रविवारी मिस्सा उरकून तो तडक मित्राच्या बारमध्ये आला. इतक्या दिवसांची तहान, त्यात पोट रिकामं. बोंबील येईपर्यंत त्याचे ग्लास रिकामे झाले होते. चंदूशेठ बशी घेऊन आले तर खुर्ची रिकामी, आणि खुर्चीखाली लुईसच्या चपला.

शेठना आधी वाटलं, गेला असेल सुरूच्या झाडांमागे. मग त्यांच्या काळजात धस्स झालं. सुरूखाली काटेरी बोंडांचा खच पडलेला असतो, तिथे अनवाणी कोणी जात नाही. चपला काढून माणूस एकाच ठिकाणी जातो, आणि सकाळची वाळू अजून तापलेली नव्हती. शेठनी बशी तिथेच टाकली आणि पाण्याकडे धावत सुटले.

ओहोटी लागलेली होती. कळंबचा समुद्र दिसायला गरीब, पण ओहोटीला पायाखालची वाळू कधी ओढून नेतो ते कळत नाही. लुईसचा सणाचा पांढरा शर्ट लांबवर वर-खाली होत होता. शेठ पाण्यात शिरले, होडीजवळ जाळं विणत बसलेले दोघे कोळी मागोमाग आले, आणि तिघांनी मिळून त्याला ओढून काढला. वाळूवर पालथा घालून पाठीवर गुद्दे घातले तेव्हा लुईसच्या पोटातलं पाणी बाहेर पडलं. डोळे उघडून तो पहिलं वाक्य बोलला ते असं:

“बोंबील थंड झाले काय रे, चंद्र्या?”

शेठ हसले नाहीत. ते वाळूत बसून लहान मुलासारखे रडले. ही गोष्ट सांगताना लुईस एवढा भाग गाळतो, पण शेठना तो विसरता येत नाही.

पुढच्या रविवारी लुईस आला, तो बसायच्या आधी चपला हातात घेऊनच. “ह्या ठेव तुज्याकडं. जेवलो का दे. आल्बिनानं सांगितलंय, नायतर यायचं नाय.” आल्बिना म्हणजे त्याची बायको. चपला काउंटरमागे गेल्या. बाकीच्यांनी आधी टिंगल केली, मग गंमत म्हणून आपल्याही दिल्या, आणि गमतीचा कायदा कधी झाला ते कोणालाच कळलं नाही. शिंपल्यांवर नंबर जयवंतीबाईंनी काढले. एक नंबर कायमचा लुईसचा.

शेठनी त्यानंतर एक पथ्य पाळलं. स्वतःच्या हॉटेलात त्यांनी कधी थेंब घेतला नाही, आणि धंद्याच्या वेळात कधी पाण्याकडे पाठ केली नाही.

हे सगळं बघत संग्राम मोठा झाला. संग्राम हा शेठचा एकुलता एक. ‘खुर्चीखाली चपला’ ही गोष्ट त्याने दर रविवारी ऐकली. लहान होता तेव्हा डोळे मोठे करून ऐकली, कॉलेजात गेल्यावर कान बंद करून. हॉटेल मॅनेजमेंट केलं, अंधेरीच्या मोठ्या हॉटेलात नोकरी केली आणि मग वडिलांचे गुडघे गेले म्हणून परत आला. त्याची बायको विनिता नालासोपाऱ्यात फ्लॅटमध्ये वाढलेली, आईवडील मूळचे कोकणातले. ती पहिल्यांदा इथे आली ती मैत्रिणींबरोबर, गिऱ्हाईक म्हणून. मैत्रिणी बिअर पीत होत्या, ही सरबत. पण शेठनी टेबलावर ग्लास बघितले आणि सगळ्यांच्याच चपला नेल्या. निघताना हिच्या सँडल सापडेनात. त्या शोधायला संग्राम लागला, आणि शोधता शोधता लग्न जमलं. सँडल काही मिळाल्या नाहीत. त्या मैत्रिणींतल्या कुणाच्या तरी पायातून गेल्या असाव्यात, असं शेठ म्हणतात. त्या संग्रामनेच लपवल्या होत्या, असं जयवंतीबाई म्हणतात.

तरी चपलांचा कायदा मोडायला उठला तो संग्रामच.

“बाबा, लोक आता महागाचे बूट घालून येतात,” तो म्हणायचा. “ते आपण कांद्याबटाट्यासारखे मांडणीत टाकतो. कुणाला आवडेल? हे बघा, काय लिहिलंय.”

मोबाइलवर विरार वेस्टच्या टॉवरमधल्या कुणा माणसाने लिहिलं होतं, ‘खाना एक नंबर. लेकिन जूते क्यों जमा करवाते हो भाई? मंदिर है क्या?’ आणि खाली एकच तारा.

“जेवन आवडलं ना त्याला?” शेठ म्हणाले.

“आवडलं. पण परत येणार नाही तो.”

“जिता हाय ना? मंग येल.”

संग्रामने कपाळाला हात लावला. “बाबा, आता किनाऱ्यावर बोर्ड लावलेत, शिटी मारायला माणूस असतो. लोक मोठे आहेत, त्यांची जबाबदारी त्यांची.”

“प्यालेला मानूस मोठा नसतो,” शेठ म्हणाले. पण आवाजात पूर्वीचा जोर नव्हता. दिवसभर उभं राहून, वाकून, हात पुढे करून त्यांचे गुडघे पार कामातून गेले होते. मांडणीपर्यंत जाऊन येतानाही धाप लागे. त्या पावसाळ्यात किनारा ओस पडला, तेव्हा त्यांनी गल्ल्याची चावी मुलाच्या हातात ठेवली. गल्ल्याचं त्यांना काही वाटलं नाही. स्वयंपाकघर जयवंतीबाईंचंच राहणार होतं, त्यामुळे चवीची काळजी नव्हती. त्यांना टोचत होती ती एकच गोष्ट. चपला पायात राहिल्या, तर एखाद्या दुपारी पुन्हा एक खुर्ची रिकामी होणार, आणि तिच्याकडे बघायला कोणी नसणार. हे त्यांनी मुलाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी त्याने म्हटलं असतं, लुईसकाकांची गोष्ट पुन्हा नको.

पावसाळ्यात संग्रामने हॉटेल नव्याने बांधलं. वाळूवर लाकडी डेक आला, दिव्यांच्या माळा आल्या, बिलाचं यंत्र आलं. चपलांची मांडणी मागच्या दाराशी गेली आणि तिच्यात खरोखरच कांदे भरले. शिंपले फेकून द्यायचे होते, पण विनिताने ते काचेच्या वाडग्यात घालून काउंटरवर ठेवले. “शोभेला,” ती म्हणाली. शेठनी ते पाहिलं आणि सुनेकडे बघून नुसती मान हलवली.

नवरात्र संपल्यावरचा पहिला रविवार हा किनाऱ्यावरच्या हॉटेलांचा मोठा दिवस. उपास सुटलेले असतात आणि सगळी वसई मासळीवर तुटून पडते. संग्रामने त्याच दिवशी दुपारी नवं हॉटेल उघडलं. शेठना त्याने पांढरा शर्ट घालायला लावला, हाताला धरून कोपऱ्यातल्या टेबलाशी नेलं आणि लुईसच्या समोर बसवलं. त्या कोपऱ्यात डेक संपत होता आणि पुढे वाळू सुरू होत होती.

“आज तुम्ही गिऱ्हाईक,” तो म्हणाला. “उठायचं नाही.”

शेठना आपल्याच हॉटेलात बसायची सवय नव्हती. दर खेपेला खुर्ची सरकली की ते अर्धे उठत. शेवटी लुईसने त्यांचा हात दाबला.

“गप बस रे. रिटायर झालास ना? मंग घे एक माज्यासंगती. इतकी वर्षं मी एकटाच पितोय.”

आता शेठना काही पथ्य उरलं नव्हतं. ज्याच्यासाठी ते पाळलं तोच कायदा संपला होता. त्यांनी एक घेतला. सवय नसल्याने तो सरळ डोक्यात गेला. मग दुसरा घेतला. स्वयंपाकघरात इतकी झुंबड होती की जेवण काही येईना.

समोरच्या टेबलावर कॉलेजची मुलं बसली होती. ग्लास रिकामे करून ती उठली, बूट घातलेलेच होते, आणि आरडाओरडा करत पाण्याकडे निघाली. शेठ खाडकन उभे राहिले.

“ए पोरांनो! कुठं? जेवन नाय झालं अजून!”

आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. संग्राम हातात ट्रे घेऊन लगबगीने आला. “बाबा, प्लीज. बसा ना.” त्याचा आवाज हळू होता, पण चेहरा लाल झाला होता.

शेठ बसले. त्यांचा जीव मात्र त्या मुलांत अडकला होता. पाणी त्यांच्या घोट्यापर्यंत आलं, गुडघ्यापर्यंत आलं. शेठच्या हाताच्या मुठी वळल्या. मग मुलं हसत, एकमेकांवर पाणी उडवत परत आली, खुर्च्यांवर बसली आणि भुजिंग मागवलं. कोणालाही काही झालं नाही.

खरं तर शेठना बरं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण मग दुसरा विचार आला. म्हणजे संग्रामचं बरोबर होतं तर. लोक जातात आणि परत येतात. आपण जन्मभर वाकून वाकून जे केलं ती एका भित्र्या माणसाची खोड होती, आणि लोकांनी ती हसून चालवून घेतली. त्यांना फार एकटं वाटलं. त्यांनी लुईसकडे पाहिलं, तर लुईस खुर्चीत मान टाकून घोरत होता.

समोर समुद्र चकाकत होता. इतकी वर्षं शेठनी त्याच्याकडे संशयानेच पाहिलं होतं. आज गिऱ्हाईक आहोत, तर गिऱ्हाइकासारखं जरा पाय ओले करून यावं, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चपला पायातून सोडवल्या. साध्या काळ्या चपला, डाव्या पायाच्या चपलेचा अंगठा जयवंतीबाईंनी निळ्या दोऱ्याने शिवलेला. त्या खुर्चीखाली सरकवून ते डेकवरून उतरले.

वाळूने पाय भाजले, पण दोन पेगांमुळे ते दुसऱ्याच कोणाचे पाय असल्यासारखं वाटत होतं. पाण्याचा पहिला स्पर्श झाला तेव्हा त्यांना हसू आलं. किती छान वाटतं हे! आणि आपण लोकांना हेच करू देत नव्हतो. ते आणखी पुढे गेले. ओहोटी लागलेली होती. एक लाट आली, ती गेली, आणि जाताना पायाखालची वाळू घेऊन गेली. गुडघ्याने दगा दिला. शेठ मटकन पाण्यात बसले. उठायला गेले तर दुसरी लाट छातीवर आली आणि त्यांना घेऊन मागे सरकली. हात टेकावा तर खाली वाळू टिकेना. तोंडात खारं पाणी गेलं, ओरडायला गेले तर आवाज फुटेना. आता मात्र शेठना घाम फुटला, पाण्यात असून. लुईसला त्या दिवशी हेच वाटलं असणार, एवढं त्यांच्या मनात आलं.

आणि कोणीतरी मागून त्यांची कॉलर धरली.

“बाबा!”

संग्राम होता. कमरेएवढ्या पाण्यात, नव्या कोटात, नव्या बुटांत. त्याने काखेत हात घालून बापाला उभं केलं आणि लाटेला पाठ देऊन ओढत काठावर आणलं. शिटीवाला माणूसही धावत आला आणि त्याने दुसरा हात धरला. वाळूवर आल्यावर संग्राम ओरडला.

“कुठं चालला होतात? काही कळतं का तुम्हाला? दारू पिऊन समुद्रात जातं का कोणी?”

हे वाक्य शेठ आयुष्यभर दुसऱ्यांना बोलले होते. खोकून खोकून पाणी बाहेर पडल्यावर त्यांनी एवढंच विचारलं:

“तुला कसं कळलं रे?”

संग्रामने ओल्या बाहीने डोळे पुसले. पाणी समुद्राचंच होतं असं त्याने मागून सांगितलं.

“खुर्चीखाली चपला होत्या,” तो म्हणाला.

शेठनी मुलाच्या दंडाला धरलं. वाळू तापलेली होती आणि आता ती शेठना चांगलीच भाजायला लागली. अर्ध्या वाटेवर संग्राम थांबला, पाणी भरलेले आपले बूट काढून बापाच्या पायात घातले आणि स्वतः उड्या मारत चालू लागला.

हॉटेलात एव्हाना सगळे उभे राहिले होते. पाण्याकडे धावताना संग्रामने हातातला ट्रे कुठे ठेवला ते कोणाला कळलं नव्हतं. ट्रे शेजारच्या टेबलावरच्या बाईंच्या मांडीवर निघाला, कोळंबीसकट. जयवंतीबाई हातात झारा घेऊन बाहेर आल्या. नवऱ्याला वरपासून खालपर्यंत पाहून त्यांनी आधी त्याच्या छातीला हात लावला, मग ओरडायला सुरुवात केली.

“अवं, अक्कल हाय का? साऱ्या जगाच्या चपला काडून घेतल्या, सोताच्या कोन काडंल?”

या आवाजाने लुईस जागा झाला. “जेवन आलं काय?” त्याने विचारलं. मग ओले बापलेक दिसले, खुर्चीखालच्या चपला दिसल्या, आणि त्याचा चेहरा उतरला. तो मित्राजवळ गेला आणि त्याचं डोकं आपल्या खांद्याशी धरून उभा राहिला. शेठनी त्याला ढकललं नाही.

विनिताने टॉवेल आणला. शेठना कोरडं केलं, बसवलं, पायातले संग्रामचे बूट काढले. संग्राम खाली वाकला. खुर्चीखालच्या काळ्या चपला त्याने उचलल्या आणि एका हातात धरून मागच्या दाराकडे गेला. सगळे बघत होते. मांडणीच्या वरच्या कप्प्यातले कांदे त्याने जमिनीवर ओतले, कप्पा फडक्याने पुसला आणि त्यात बापाच्या चपला ठेवल्या. मग मांडणीच ओढत काउंटरमागे आणली. कांद्याची सालं वाटभर सांडत गेली. नव्या डेकवर चरे पडले, त्याने पाहिलंही नाही.

विनिताने काचेच्या वाडग्यात हात घातला आणि एक शिंपला सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यावरचा नंबर पुसट झाला होता.

लुईसने खुर्चीवर बसून आपल्या चपला काढल्या आणि वर धरल्या. “माज्या पन ने रे. माजा नंबर एक, ध्यानात ठेव.”

संग्राम त्या घेऊन वळला, तर समोरच्या टेबलावरचा एक कॉलेजचा मुलगा बुटांच्या लेस सोडत होता. “हमारा भी देने का है क्या, भैया?”

संग्रामने बापाकडे पाहिलं. बाप शिंपला हातात फिरवत खाली बघत बसला होता. संग्राम त्या मुलाच्या टेबलाशी गेला, जरासा वाकला आणि हात पुढे केला.

दुपारभर तो टेबलाटेबलाशी वाकत होता. कोणी हसले, कोणी कुरकुरले, एका बाईंनी सँडल देण्याआधी त्यांचा फोटो काढून ठेवला. ज्यांच्या मांडीवर कोळंबी सांडली होती त्यांना जयवंतीबाईंनी स्वतः दुसरी आणून वाढली. शेठ आपल्या जागेवरून सगळं बघत होते. मधेच त्यांना वाटलं, पोरगा फार लवकर सरळ होतोय, आणखी थोडं वाकायला पाहिजे. त्यांच्या मनातली ती रिकामी खुर्ची आता तिथे नव्हती. त्यांचं मन इतकं हलकं झालं होतं की उठून कोणालातरी मिठी मारावी असं वाटत होतं. ते खरंच उठले, पण सगळे बघताहेत म्हणून लाजले आणि भलतंच बोलले.

“संग्राम, चपला दे रे जरा. बाथरूमला जाऊन येतो.”

संग्राम काउंटरमागे उभा होता, अनवाणी, कोटाच्या खिशातून अजून वाळू गळत होती. त्याने बापाच्या टेबलाकडे नजर टाकली. भाकरी यायची होती.

“बाथरूम आतच आहे, बाबा. तिथं जायला चपला लागत नाहीत,” तो म्हणाला. “आधी जेवा, मग चपला.”

शेठनी हे वाक्य उभ्या आयुष्यात किती जणांना ऐकवलं असेल त्याला गणती नाही. त्यांना स्वतःला ते कोणी कधीच म्हटलं नव्हतं. ऐकायला किती गोड लागतं ते त्यांना त्या दुपारी कळलं. ते आज्ञाधारक गिऱ्हाइकासारखे परत खुर्चीत बसले, शिंपला मुठीत घट्ट धरला आणि भाकरीची वाट बघायला लागले.